शब्दचर्चा : ‘जिओटॅग’ आणि ‘जिओलोकेशन’, दोन्हींना ‘स्थान’च?

शब्दवेडा :
व्हिडिओंच्या पडताळणीवरच्या मजकुरात या दोन्हींसाठी सरसकट ‘स्थान’ लिहिलेलं दिसतं. वेगळे शब्द हवेत का?

नकाशेवाला :
हवेतच. टॅग हा व्हिडिओ चढवणाऱ्याचा दावा असतो. यूट्यूबवर ठिकाणाचा रकाना हाताने भरता येतो. कोल्हापूरचा व्हिडिओ सांगलीच्या नावावर टाकला तरी कुणी अडवत नाही. जिओलोकेशन म्हणजे चित्रात जे दिसतं त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष. पहिल्याला ‘स्थाननोंद’, दुसऱ्याला ‘स्थाननिश्चिती’ म्हणावं.

जुनाखत :
‘निश्चिती’ चालेल, पण आपल्या खरेदीखतातला ‘चतुःसीमा’ शब्द जास्त बोलका आहे. काम तेच : पूर्वेला काय, पश्चिमेला काय, ते उपग्रहचित्राशी जुळवायचं. एक खूण जुळली तर योगायोग असू शकतो. म्हणून वेगवेगळ्या दिशांच्या निदान तीन जुळवाव्यात.

शब्दवेडा :
आणि शोधताना? ‘१० किमीच्या परिघात’ असं लिहितात.

नकाशेवाला :
ते चूकच. परीघ म्हणजे वर्तुळाची कडा. १० किमी परिघाच्या वर्तुळाची त्रिज्या जेमतेम १.६ किमी भरते! यूट्यूबच्या एपीआयला (प्रोग्रॅममधून शोध घेण्याच्या सोयीला) मध्यबिंदू आणि त्रिज्या दोन्ही द्यावे लागतात, शिवाय शोधाचा प्रकार ‘व्हिडिओ’ ठेवावा लागतो. त्रिज्येची मर्यादा १००० किमी. सांगलीसाठी १६.८५, ७४.५८ द्या, त्रिज्या १० किमी केली की मिरजही आत येते. आधी अक्षांश, मग रेखांश. उलटं टाकलंत तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो, आणि एपीआय चूक दाखवत नाही, निकाल तेवढे रिकामे येतात.

तारखेचंही तसंच. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असते. सांगलीच्या महापुरातला ६ ऑगस्ट २०१९ सुरू होतानाची आपली मध्यरात्र हवी असेल तर ५ ऑगस्ट, १८:३० लिहावं. आणि ही व्हिडिओ प्रसिद्ध झाल्याची वेळ, चित्रीकरणाची नव्हे. मुख्य म्हणजे स्थाननोंद नसलेले व्हिडिओ या चाळणीत सापडत नाहीत, म्हणून ‘सांगली महापूर’, ‘आयर्विन पूल’ असे शब्द मराठी आणि रोमन लिपीत वेगळे शोधावेच लागतात.

जुनाखत :
मग चित्रीकरणाच्या वेळेसाठी ‘काळनिश्चिती’. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणीपातळी फुटांत मोजतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका. चित्रात मोजपट्टीवरचा आकडा वाचता आला तर तो पातळीच्या नोंदींशी ताडून तास ठरवता येतो. मात्र तोच आकडा पाणी चढताना एकदा येतो, उतरताना पुन्हा. भिंतींवर पाण्याच्या वर चिखलाची ओली रेघ दिसली, तर पाणी उतरतं आहे.

शब्दवेडा :
क्रियापद कोणतं? ‘लोकेशन काढलं’?

नकाशेवाला :
ते टाळा. पोलीस मोबाइलचं ‘लोकेशन काढतात’, ते टॉवरवरून. बातमीत तसं लिहिलं की वाचकाला टॉवरच आठवतो. ‘व्हिडिओची जागा पटवली’ म्हणा. ओळख पटवतो तशी जागाही पटवता येते.