आउटपुट ट्रान्सफॉर्मर आपल्याकडेही वाइंड होतो

ट्यूबचा गिटार अँप घरी बनवताना आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकरच्या मधला) बाहेरूनच मागवावा, तारेचे वेढे घालणाऱ्या गावातल्या वाइंडरला तो जमत नाही, असं काही जण म्हणतात, ते पटलं नाही. आमच्या जळगाव-चोपडा-रावेर पट्ट्यात केळीमुळे पाण्याच्या मोटारी बारा महिने चालतात आणि जळतातही, त्यामुळे रिवाइंडिंगची दुकानं पावलोपावली. हात बसलेला असतो या लोकांचा, अडचण फक्त सवयीची. साध्या मेन्स ट्रान्सफॉर्मरला कोअरचे ई आणि आय आकाराचे लोखंडी पत्रे आलटूनपालटून भरतात. पण फेंडर चॅम्प ५एफ१ सारख्या एकाच ६व्ही६ ट्यूबवर चालणाऱ्या अँपमध्ये प्रायमरीतून (ट्यूबकडच्या वेढ्यांतून) ४५ मिलिअँपिअरच्या आसपास डीसी सतत वाहतो, आणि तसा भरलेला कोअर तेवढ्यानेच सॅच्युरेट होतो, म्हणजे चुंबकत्वाने पुरता भरून जातो. मग बेस गायब. म्हणून सगळे ई एका बाजूने, सगळे आय दुसऱ्या बाजूने, आणि मधल्या फटीत कागद. (जोडीने काम करणाऱ्या दोन ट्यूबच्या, म्हणजे पुश-पुल अँपला ही भानगड नाही, तिथे दोन्ही बाजूंचा डीसी एकमेकांना मारतो.) आमच्या वाइंडरने "भाऊ, अशानं गुणगुणेल ना" म्हणत मान हलवली, पण मोटारीच्या खाचेत घालतात त्या इन्सुलेशन कागदाची पट्टी कापून स्वतःच नीट बसवली. वेढ्यांचं प्रमाण २५ ला १ सांगा, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ट्यूबला ५ किलोओहम दिसतो.

आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरला (मेन्सकडच्या) २३० व्होल्टच्या टॅपसोबत, म्हणजे जोडणीच्या तारेसोबत, २५० चा टॅपही काढून घ्या. शेतातल्या मोटारी एकदम बंद झाल्या की खेड्यात व्होल्टेज चढतं, आणि ट्यूब तापवणारा ६.३ व्होल्टचा हीटर १० टक्क्यांच्या वर गेला की ट्यूब लवकर संपते.