शेवटच्या दुखण्यात माणसाला बाहेर जाऊ द्यावं की नाही?

पऱ्हाटीवाला: काल इथे एका ताईंनी लिहिलं, दवाखान्याने 'आता घरी न्या' म्हटलं की पेशंटला खाटेवरून उतरूच देऊ नये. सासऱ्यांच्या खोलीला त्या बाहेरून कडी लावतात म्हणे. डोकंच फिरलं. सासरा आहे तो, गोठ्यातलं वासरू नाही. माझ्या बापाचा कॅन्सर हाडात उतरला होता. जरासा पाय मुरगळला तरी मांडीचं हाड मोडेल, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी त्याला धुऱ्यावर जायचंच असायचं. चाकाची खुर्ची काळ्या मातीत रुतते, म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले आणि मी अन् भाऊ उचलून न्यायचो. तो पऱ्हाटीच्या पात्या बोटाने उलटून बघायचा आणि फवारा उशिरा मारला म्हणून मला शिव्या हासडायचा. खाटेवर निजवून ठेवून आम्ही काय वाचवणार होतो?

देवळीची सून: कडी लावणारी मीच. तुम्ही उचलायला दोघं होता! आमचे हे दिवसभर वावरात, दीर पुण्यात. तिथून व्हिडिओ कॉलवर 'बाबा अंगणात का नाहीत?' मामाजी रात्री दोनला उठतात, मोटर सुरू करायची म्हणून. रात्रीच्या लाइनची जन्माची सवय. लघवीची पिशवी हातात धरून निघतात. विहिरीला कठडा नाही. कडी फक्त रात्री असते, तेवढं वाचायचं राहिलं वाटतं?

सिस्टरबाई: कडी नकोच. आग लागली, ओकारी आली तर? रात्रीचा हा भ्रम नवा असेल तर आधी नळी तुंबली का, पोट साफ होतं का, ताप आहे का ते बघा. दुखणं दाबायचं मॉर्फिन नुकतंच सुरू झालं असेल तर पहिले काही दिवस गुंगी राहते, पडण्याची भीती तेव्हा जास्त. गादी खाली टाका. दाराला बैलाची घुंगरमाळ बांधा, वाजली की उठा.

वणीकर: मॉर्फिन म्हणे! 2014 ला कायदा सोपा केला, तरी एका गोळीच्या पाकिटासाठी आम्ही नागपूर गाठलं. केरळात गावातली माणसं घरी येऊन पेशंट बघतात. आपल्याकडे गावातली माणसं घरी येऊन 'किती दिवस राहिले' विचारतात.

झाडीपट्टी: मनासारखं वागू द्यायचं ना? मग तंबाखू-सुपारीचा खर्राही द्या! माझ्या मामाचं तोंड बोटभर उघडत नव्हतं, तरी मागायचा. मी नाही दिला.

पऱ्हाटीवाला: द्यायचा होता. आता काय कॅन्सर होणार होता का त्याला?

झाडीपट्टी: घरात दोन पोरं बघत होती, भाऊ!

वणीकर: पोरं पानठेल्यावर शिकतात, आजाच्या खाटेपाशी नाही. 2012 पासून गुटखा बंद आहे, खर्रा पन्नीत घोटून उघड्यावर मिळतो. तिथं कोणी कडी लावत नाही.

सिस्टरबाई: तोंडात जखम असेल तर चुन्याने किती आग होते, बघितलंय का कोणी? नुसती सुपारी दिली तरी तेच.

झाडीपट्टी: हेच म्हणतोय मी!

पऱ्हाटीवाला: मामाला विचारलं होतं का, आग चालेल का म्हणून?

झाडीपट्टी: अबे, तुझा बाप शिव्या देत गेला, माझा मामा हात जोडत गेला. मले नको शिकवू.

पऱ्हाटीवाला: ...बरं. ताई, वासरू मागे घेतो. कडी नाही.

देवळीची सून: उपकार झाले. घुंगरमाळ बांधते. झोप मात्र माझीच मोडणार, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दीर पोळ्याला येताहेत, तेव्हाच्या रात्री त्यांच्या. फोन उचलला की सांगते.