फायरप्लेसच्या आतल्या दर्जा (विटांमधले सांधे) सारख्या गळतात, मसाला कोणता भरावा?

प्रश्न
फायरप्लेसच्या मागच्या भिंतीच्या दर्जा मोकळ्या झाल्यात, दोन विटा हलतात. गेल्या वर्षी १:४ सिमेंट-वाळूचा माल भरला होता, तो आता नखानं खरवडला तरी पिठासारखा पडतो. धुराड्यावर बाहेरून पांढरे क्षारही फुटलेत. सिमेंट वाढवून पुन्हा भरलं तर टिकेल का?

उत्तर १
नाही टिकणार. साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला सिमेंटमधला चुना आपलं पाणी सोडतो. थंड झाल्यावर हवेतला ओलावा शोषून तो पुन्हा फुगतो आणि माल आतून फुटतो. सिमेंट जास्त म्हणजे हा चुनाही जास्त.

इथे रिफ्रॅक्टरी मॉर्टर, म्हणजे जास्त उष्णता सोसणारा माल हवा. डब्यात तयार मिळणारं बरंचसं सोडियम सिलिकेटचं असतं आणि नीट तापून पक्कं होईपर्यंत पाण्यात विरघळतं. तुमच्याकडे क्षार फुटलेत म्हणजे ओल येतेय, तेव्हा कॅल्शियम ॲल्युमिनेटची, पाणी घालून सेट होणारी पावडर घ्या. हलणाऱ्या विटा पूर्ण बाहेर काढा, त्यांच्या पाठी-कडा साफ करा. तडकलेल्या असतील तर नवी फायर ब्रिक (उष्णता सोसणारी वीट) बसवा, साधी वीट नको. बाकीच्या दर्जा १५-२० मिमी खोल खरवडा, धूळ काढा (मास्क लावूनच), किंचित ओलसर करा आणि माल दाबून भरा. नवी दर्ज ३ ते ६ मिमीच ठेवा, जाड दर्ज हमखास तडकते.

पाकिटावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. मग कागद आणि बारीक काटक्यांचे दोन-तीन छोटे जाळ करा, दर वेळी थोडा मोठा. एकदम मोठी आग पेटवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन दर्जा फुटतात.

उत्तर २
क्षार म्हणजे विटांतून पाणी फिरतंय, बहुतेक वेळा धुराड्याच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या टोपीतून. टोपीला बाहेरच्या बाजूला उतार, कडेला किमान ५० मिमी छज्जा आणि त्याच्या खालून पाणी तोडणारी खाच असावी. फ्ल्यूची (धुराड्यातल्या धूर जाण्याच्या मार्गाची) नळी आणि टोपी एकमेकांना चिकटवू नका. नळी तापून वर सरकते, म्हणून मध्ये फट ठेवून लवचिक सीलंट भरा.

बाहेरच्या दर्जांना रिफ्रॅक्टरी मॉर्टर नको. १:१:६ सिमेंट-चुना-वाळू पुरे, आणि जुन्या मऊ विटेला निव्वळ चुन्याचा माल. कडक माल भरला की विटेचाच पापुद्रा उडतो. वर ऑइलपेंट फासू नका, ओल आत अडकते.

उत्तर ३
या सगळ्याआधी फ्ल्यू साफ करून कॅमेऱ्यानं आतून बघून घ्या, मसाल्याहून हे महत्त्वाचं आहे. मातीच्या नळ्यांना उभी चीर किंवा सांध्यात फट असेल तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत येऊ शकतो आणि साचलेल्या क्रिओसोटनं (धुरातून जमणारा डांबरासारखा थर) पेट घेतला तर आग बाहेर पोचू शकते. अशा नळीवर लिंपून भागत नाही. नळ्या बदला, नाहीतर योग्य मापाचं स्टेनलेस स्टीलचं लायनर (आतली अस्तर-नळी) आत सोडा. तोवर जाळ बंद.

प्रश्नकर्ता
एक वीट काढली, मागे बोटभर पोकळी दिसतेय. माल ठासून भरू का?

उत्तर १
नको. फायर ब्रिक तापून फुगते, तिला मागे वाव लागतो. पोकळीत पडलेला जुना माल मात्र काढून टाका. टॉर्च मारून बघा, मागे लाकूड दिसलं तर वीट बसवू नका, जाणकाराला बोलवा.