बायपासवरच्या नव्या लेआउटमध्ये तयार बंगला घ्यावा, की प्लॉट घेऊन स्वतः बांधावं? (विदर्भातल्या वाचकांची चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मुरूमाखाली

वणी असो, हिंगणघाट असो की पुसद, तालुक्याच्या गावाबाहेर बायपास झाला की त्याच्या कडेला कमान उभी राहते. आत सिमेंटचा रस्ता, दुतर्फा झाडं आणि एकाच नकाशाचे वीस-तीस डुप्लेक्स. घेणारे बहुतेक शिक्षक, बँकेतले, कोळसा खाणीतले नोकरदार; आयुष्याची पुंजी लावणारे. त्यांच्यासाठी माझं मत असं की काळ्या मातीवरच्या लेआउटमध्ये तयार घर घेऊ नये. प्लॉट घ्यावा आणि पाया डोळ्यांसमोर भरून घ्यावा.

कपाशीची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया त्या थरात राहिला की घर दरवर्षी थोडं उचललं जातं, थोडं बसतं, आणि सगळीकडे सारखं नाही. संडास-बाथरूमची बाजू ओली राहते, पश्चिमेची कोरडी पडते. म्हणून भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघते. वरून कितीही पुट्टी मारा, पुढच्या मे महिन्यात ती परत येते.

पाया काळ्या मातीखालच्या घट्ट मुरूमापर्यंत गेलाच पाहिजे. एकाच लेआउटमध्ये एका टोकाला चार फुटांवर मुरूम लागतो, दुसऱ्या टोकाला दहा फुटांवरही लागत नाही. ठेकेदार मात्र सगळ्या घरांना पाच फुटांचाच खड्डा घेतो, कारण त्याचा दर आधीच ठरलेला असतो. मुरूम खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल घ्यावेत. साधारण साडेतीन मीटर खोल, तळाशी फुगवटा, त्याचा व्यास दांड्याच्या अडीच पट. वरचा बीम जमिनीवर टेकवायचा नाही, खाली तीन इंच मोकळी जागा ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलत नाही. प्लिंथमध्ये (जोत्यात) भरती मुरूमाचीच, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसने ठोकलेला. प्रत्यक्षात खड्ड्यातून निघालेली काळी मातीच जेसीबीने परत आत लोटतात. दोन वर्षांनी फरशी बसते आणि विकणारा म्हणतो, टाइल्सचा माल हलका आला.

आणखी एक. प्लॉट दाखवायच्या आधी सगळ्या लेआउटवर फूटभर मुरूम पसरवलेला असतो. तो पाहून जमीन मुरमाड समजू नका. जेसीबी बोलवून दोन कोपऱ्यांत खड्डे घ्या, मगच दराचं बोला.

गिलावा

भाऊ, मातीचं सगळं पटलं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. नोकरी करणारा माणूस खड्ड्यावर उभा राहणार कधी? तो सकाळी दहाला निघतो, संध्याकाळी सहाला येतो, आणि काँक्रीट नेमकं दुपारी पडतं. मिक्सरमध्ये पाणी किती ओतलं, स्लॅबच्या सळीखाली कव्हर ब्लॉक ठेवले की दगडाचे तुकडे, रिंगांचं अंतर कॉलमच्या तळाशी आणि माथ्याशी कमी केलं का, हे कोण पाहणार?

क्युरिंगचंच घ्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास जातो. भारतीय मानक 456 नुसार कोरड्या, उष्ण हवेत साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 10 दिवस आणि पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) 14 दिवस ओलं ठेवावं लागतं. बाजारात मिळतं ते बहुतेक पीपीसीच. कॉलमला बारदान गुंडाळून दिवसातून दोनदा पाणी मारलं तर दुपारी ते वाळून कडक होतं. मालक साइटवर नसेल तर 14 दिवस कोणी पाणी मारत नाही.

त्यामुळे माझा सल्ला उलटा आहे. किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा खाल्लेलं तयार घर घ्या. ते आपली परीक्षा देऊन बसलेलं असतं. पाहायला मे अखेर जा, कारण माती सर्वांत जास्त आकसलेली तेव्हाच असते. खिडक्यांचे चारही कोपरे पाहा. दारं लावून पाहा. चौकट वाकडी झाली असेल तर दार वरून घासतं. फरशीवर नाणं वाजवत चाला, पोकळ आवाज आला की खाली भरती बसली. स्कर्टिंग आणि फरशीत फट आहे का? घराभोवतीचा सिमेंटचा पट्टा भिंतीपासून सुटला आहे का? नुकताच रंग दिलेला असेल तर कपाटामागे, जिन्याखाली, टाकीच्या खोलीत बघा. तिथे रंगारी पोहोचत नाही.

मुरूमाखाली

गिलावाभाऊ, असं घर मिळालं तर मीही नाही म्हणणार नाही. पण कमानीतली बहुतेक घरं नकाशावर विकली जातात. बुकिंग पाया भरताना, ताबा दिवाळीत, म्हणजे पावसाळा संपल्यावर. पहिला उन्हाळा घेणाऱ्याच्या ताब्यातच येतो. तुमचा मुद्दा जुन्या, वापरलेल्या घराला लागू होतो.

नोकरदाराला रोज उभं राहायची गरज नाही. दिवस ठरलेले असतात: खड्ड्याचा तळ दिसतो तो, फुटिंगचं (कॉलमच्या तळाचं) काँक्रीट, प्लिंथ बीमची सळी, भरतीचे थर आणि प्रत्येक स्लॅब. सात-आठ रजा. त्या दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअरला सोबत ठेवा, फी द्या. क्युरिंगसाठी रोजाने एक माणूस लावा. तो ठेकेदाराचा नसावा, एवढंच.

फेरफार

दोघंही पायाबद्दल बोलता आहात. माझ्या मते इथली घरं मातीपेक्षा कागदात जास्त फसतात, आणि तयार घर की प्लॉट हा प्रश्न त्यानंतरचा.

पहिलं, लेआउटला तात्पुरती मंजुरी आहे की अंतिम? तात्पुरत्या मंजुरीत नकाशा मान्य होतो, मग रस्ते, नाल्या, वीज झाल्यावर अंतिम मंजुरी. विकणारा तात्पुरत्याच कागदावर ‘टीपी मंजूर’ (नगररचनाची मंजुरी) म्हणून फ्लेक्स लावतो. अंतिम मंजुरीचा आदेश क्रमांक आणि नकाशा मागा, आणि त्याची खात्री नगररचना कार्यालयात करून घ्या.

दुसरं, कजाप झालं का? भूमी अभिलेखकडून कमी-जास्त पत्रक होऊन प्लॉटनिहाय नोंद आणि क्षेत्र पडलं नसेल, तर तुमच्या 30 बाय 50 च्या प्लॉटची जागा जमिनीवर कुठे, हे फक्त विकणाऱ्याच्या चुन्याच्या रेघेवर ठरतं. मोजणीची क प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) घ्या आणि खुंट्या त्याच्याशी जुळवा.

तिसरं, सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ आहे का? असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीत याहून मोठा धोका आदिवासी जमिनीचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36 आणि 36-अ प्रमाणे अशी जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही. आजचा सातबारा स्वच्छ दिसला तरी जुने फेरफार काढा. 30 वर्षांचा सर्च वकिलाकडून घ्या आणि त्यात सूची क्रमांक 2 च्या (दुय्यम निबंधकाकडच्या दस्तांच्या) नोंदींसोबत फेरफारांची साखळीही असू द्या.

ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवून ‘नावावर आहे’ सांगतात. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. शेतीचं खातं दाखवणारा 8-अ वेगळा.

पांदण

मातीचं झालं, कागदाचं झालं. पान्याचं कोनीच बोलून नाई रायलं. लेआउटमधी एक बोअर मारतेत, त्यावर टाकी बांधतेत अन् पाहाले आलेल्याले नळ सोडून दाखवतेत. दिवाळीत कोनताई बोअर पानी देते. पाहाचं असन तं मे महिन्यात पाहा, अन् तीन-चार घंटे मोटर सलग चालवून पाहा.

पानी तपासाले बाटली न्या. अकोला, अमरावती, बुलढान्यात पूर्णेच्या खोऱ्यात खारपानपट्टा हाय, तिथं बोअरचं पानी भाजीले बी चालत नाई. इकडं केळापूर-पांढरकवड्याकडं अन् चंद्रपूरच्या काही भागात फ्लोराइड हाय. एका लिटरमधी 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं तं थे प्यायचं पानी नाई. उकळून फ्लोराइड जात नाई, पानी आटून उलट वाढते.

अन् सगळ्यात मोठी गोष्ट संडासच्या टाकीची. बोअर अन् शोषखड्ड्यात 15 मीटर म्हंजे 50 फूट अंतर पाह्यजे. प्लॉट 30 बाय 50 चा. तुम्ही बोअर समोर मारली, टाकी मागं बांधली, तरी मागच्या घरवाल्याची टाकी कुठं? शेजाऱ्याची बोअर कुठं? प्रत्येक घराची बोअर अन् प्रत्येक घराचा शोषखड्डा असलेल्या लेआउटमधी हे अंतर कोनालेच ठेवता येत नाई. त्यात काळी माती पावसाळ्यात पानी शोषतच नाई, खड्डा तुंबते. म्हनून प्लॉट का बंगला हे बाजूले ठेवा. बंद गटार अन् नगर परिषदेची नळयोजना नसन तं दोनी घेऊ नका.

हिशेबाची वही

पांदणदादांचा मुद्दा मनापासून पटला. पण दोन्ही घेऊ नका म्हटलं तर भाड्यात राहणाऱ्यांनी जायचं कुठे? मी तयार घराच्या बाजूने आहे, आणि कारण पैशाचं आहे.

घराला 30 लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80 टक्के. प्लॉटला बँका यापेक्षा कमी देतात. नुसत्या प्लॉटच्या कर्जावर व्याजाची आयकर सवलत नाही. घर पूर्ण झाल्यावर जुन्या करपद्धतीत वर्षाला 2 लाखांपर्यंत मिळते. म्हणजे प्लॉटवाल्याचं घरभाडं आणि हप्ता दोन्ही चालू राहतात, आणि बांधकाम लांबलं की ओझं वाढतं.

भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण, राहायला हरकत नाही असा दाखला) मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्याला 5 टक्के; किंमत 45 लाखांच्या आत आणि आपल्यासारख्या गावांत कार्पेट 90 चौरस मीटरपर्यंत असेल तर 1 टक्का. साहित्यासह बांधून घेण्याचा ठेका नोंदणीकृत ठेकेदाराला दिला तर 18 टक्के. नोंदणी शुल्क 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, ती सोडू नका.

आणि पाया कच्चा निघाला तर कायदा आहे. महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणात, नोंद असलेल्या प्रकल्पात ताब्यापासून 5 वर्षांत रचनेतला दोष निघाला तर विकासकाने 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. स्वतः बांधलेल्या घराला ही हमी कोण देणार?

फेरफार

ताई, हिशेब चोख आहे, पण एक सापळा त्यात आला नाही. आपल्याकडच्या बऱ्याच लेआउटमध्ये डुप्लेक्स म्हणून दाखवलेलं घर दोन कागदांवर विकतात: प्लॉटचं खरेदीखत वेगळं, बांधकामाचा करारनामा वेगळा, अनेकदा 100 किंवा 500 च्या स्टॅम्पवर. मुद्रांक वाचतो म्हणून घेणारा खूश असतो. पण महारेरात नोंद केवळ प्लॉटिंगची असेल तर घर त्या प्रकल्पात नाही, आणि भिंत फाटली की तुमच्या हातात फक्त तो करारनामा उरतो. म्हणून महारेराच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून प्रकल्पाचा प्रकार बघा, इमारती किती, मंजूर नकाशा कोणता. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि घरंही 8 पेक्षा जास्त असतील तर नोंद सक्तीची आहे. नोंदलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. मागितली तर तिथेच थांबा.

गावठाणातला

एवढं सगळं करण्यापेक्षा जुन्या वस्तीत घर घ्या. नळ आहे, गटार आहे, दवाखाना चालत जायच्या अंतरावर. लेआउटवाले समृद्धी महामार्गाचं, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचं नाव सांगून दर चढवतात. रेल्वे 2024 मध्ये कळंबपर्यंत आली, म्हणून दारव्ह्याच्या प्लॉटला आजच पुढचा भाव द्यायचा का?

मुरूमाखाली

जुन्या वस्तीत गाडी दारापर्यंत जात नाही, वाटण्या झालेल्या नसतात, चार भावांच्या सह्या गोळा होत नाहीत. तो पर्याय सगळ्यांना नाही. रेल्वेच्या नावाने भाव देऊ नये, हे मात्र शंभर टक्के बरोबर.

हिशेबाच्या ताईंना उत्तर: हमी कागदावर आहे, पण पाया खोल करायचा म्हणजे घराखाली खणावं लागतं. 30 दिवसांत होणारी दुरुस्ती ती नव्हे. विकासक भेग भरून देतो आणि दुरुस्ती केली असं लिहून घेतो. म्हणून तयारच घ्यायचं असेल तर करारनाम्यात फुटिंगची खोली, काँक्रीटची ग्रेड, भरतीचा प्रकार लिहून घ्या आणि खड्ड्याचे, सळीचे फोटो तारखेसह मागा. तीस घरांच्या लेआउटमध्ये बाजूच्या घराचा खड्डा उघडा असतो. तो बघायला कोणाची परवानगी लागत नाही.

पांदण

ओपन स्पेसचं कोनी सांगा ना. मंदिर, बगीचा म्हनून दाखवते अन् मंग तिथंच तीन प्लॉट पाडते.

फेरफार

दादा, 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के खुली जागा सोडावीच लागते. ती आणि रस्ते कोणाच्या नावावर आहेत, हे सातबाऱ्यावर बघायचं. नगर परिषदेला किंवा ग्रामपंचायतीला हस्तांतर झालं नसेल आणि अजून विकासकाचंच नाव असेल, तर पथदिवा लागत नाही, नाली साफ होत नाही, डीपी जळाली की वर्गणी काढावी लागते. दहा-बारा प्लॉटधारकांनी मिळून मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत जोडून हस्तांतरासाठी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. विकासकाचे काही प्लॉट विकायचे शिल्लक आहेत तोवरच तो दबाव मानतो. शेवटचा प्लॉट विकला की तो फोन उचलत नाही.

गिलावा

मुरूमाखाली भाऊ, शेजारच्या खड्ड्याचा मुद्दा घेतला. तरी माझा कौल तयार घरालाच. फक्त त्यात भर घालतो: दुसऱ्या मालकाकडून, दोन उन्हाळे झालेलं, भोगवटा प्रमाणपत्र असलेलं, आणि भेगांसाठी एकदा मेमध्ये, गळतीसाठी एकदा ऑगस्टमध्ये पाहिलेलं. विकणारा ऑगस्टपर्यंत थांबत नसेल तर दुसरं घर बघा.