डिसेंबर ते फेब्रुवारी, पुणे-मुंबईत गाणं ऐकायचंय: सवाई, वाद्यवृंद, रॉक – बेत कसा आखावा?

कोल्हापुरी_साज

मंडळी, या हिवाळ्यात कोल्हापूरहून पुण्या-मुंबईला दोन-तीन फेऱ्या करून समोर बसून गाणं ऐकायचा बेत आहे. आम्ही चौघं. आई-बाबा दोघंही सत्तरीपुढचे, खयाल आणि नाट्यसंगीतावर जीव, बाबांचे गुडघे मात्र दुखतात. एकोणीस वर्षांच्या भाचीला रॉक आणि इलेक्ट्रॉनिक हवंय. मला एकदा तरी पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकायचाय.

सवाईला, म्हणजे पुण्याच्या शास्त्रीय संगीत महोत्सवाला, पाचही दिवस जावं की एखादाच? खुर्ची घ्यावी की बैठक? भाचीच्या कार्यक्रमांची तिकिटं कुठून घेतली म्हणजे फसगत होणार नाही? आणि तारखा जाहीर व्हायच्या आधी रेल्वेचं आरक्षण करून ठेवावं का?

---

मंद्रसप्तक

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: गेल्या वर्षीची तारीख धरून आरक्षण करू नका. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबरात असतो हे नक्की, पण आठवडा सरकतो. 2023 ला तो 13 ते 17 डिसेंबर होता, 2024 ला 18 ते 22. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून महोत्सव भरवणाऱ्या आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या घोषणेवर नजर ठेवा आणि त्याच दिवशी तिकीट काढा. राहायची सोय मात्र रद्द करता येईल अशी आधीच बघून ठेवायला हरकत नाही.

जागा मुकुंदनगरचं महाराष्ट्रीय मंडळाचं क्रीडासंकुल. 2018 पासून महोत्सव तिथे होतो, रमणबागेत नाही. जुन्या आठवणीवर भरवसा ठेवून शनिवार पेठेत लॉज घेणारे अजून भेटतात. पुणे स्टेशनवर उतरलात तर मेट्रोने जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून स्वारगेटला या आणि तिथून रिक्षा करा. स्वतःची चारचाकी त्या गल्ल्यांत न्यायचा विचारही नको. कार्यक्रम सुटला की सगळे एकदमच बाहेर पडतात.

बैठक की खुर्ची, हा प्रश्न तुमच्या बाबतीत गुडघ्यांनीच सोडवलाय. भारतीय बैठक स्वस्त आणि मोकळीढाकळी, पण रोजचे सहा-सात तास मांडी घालून बसायचं आणि दर मध्यंतराला हात टेकून उठायचं. आई-बाबांना खुर्चीच घ्या. तुम्ही आणि भाची बैठकीत बसलात तरी चालेल, फक्त दोन्हींची प्रवेशद्वारं आणि विभाग वेगळे असतात, एकमेकांत ये-जा करता येत नाही. औषधं, पाणी आणि एक चालू फोन आई-बाबांकडेच राहू द्या. बैठकीत पाठ टेकायची घडीची खुर्ची आणायचा मोह होईल, पण मागच्याची नजर अडते आणि वाद होतात. जाड आसन आणि लोड म्हणून एक उशी पुरते. चपला ठेवायला कापडी पिशवी, आणि प्रत्येकी एक शाल किंवा स्वेटर. मांडव वरून झाकलेला असला तरी बाजूंनी वारं येतं आणि डिसेंबरात पुण्याचा पारा रात्री दहा-बारा अंशांवर उतरतो. दुपारी तीनला घामाघूम होऊन आलेला माणूस नऊ वाजता कुडकुडत असतो.

कुठला दिवस? पाच दिवस बसायची सवय नसेल तर कान थकतात. चौथ्या दिवशी समोर कितीही मोठा कलाकार असो, डोकं काही घेत नाही. मी दोन सलग दिवस म्हणेन, आणि त्यातला एक शनिवार असावा. कारण रागांच्या वेळेत आहे. आठवड्याचे दिवस साधारण तीनला सुरू होऊन दहाला संपतात. म्हणजे भीमपलासी, पटदीप, मुलतानीने सुरुवात, दिवेलागणीला मारवा किंवा पूरिया धनाश्री, मग यमन, शेवटी फार तर बागेश्री. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, पण राज्य सरकारला वर्षातून 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. सवाईचा शनिवार सहसा या सवलतीत बसतो. मालकंस, दरबारी हे उत्तररात्रीकडे झुकणारे राग त्यांच्या वेळेला ऐकायचे तर तोच एक दिवस. रविवार लवकर, साधारण बाराला सुरू होतो, म्हणून सारंगाचे प्रकार तिथे मिळतात. ललत-तोडीसारख्या सकाळच्या रागांची अपेक्षा मात्र ठेवू नका.

आणखी एक, जे बाहेरगावचे लोक हमखास सोडतात: त्याच दिवसांत सकाळी शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' आणि 'अंतरंग' असतं, म्हणजे कलाकारांवरचे लघुपट आणि गप्पा. प्रवेश विनामूल्य. बाबांना हे महोत्सवाइतकंच आवडेल.

---

तिसरी_घंटा

वाद्यवृंदाबद्दल. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ही तिथलीच, 2006 साली स्थापन झालेली. तिचे दोन हंगाम, फेब्रुवारीच्या आसपास आणि सप्टेंबरच्या आसपास, त्यामुळे तुमच्या मुदतीत फेब्रुवारी बसतो. मोठे कार्यक्रम जमशेद भाभा थिएटरमध्ये. तिथे 1,109 आसनं आहेत, पण सभासदांना आधी आरक्षण मिळतं, म्हणून सर्वसामान्यांसाठी खिडकी उघडेल त्या दिवशीच घ्या.

आसन निवडताना लोक चुकतात ते नाटकाच्या हिशेबाने पहिल्या तीन रांगा घेऊन. वाद्यवृंद ध्वनिक्षेपकाशिवाय वाजतो. अगदी पुढे बसलात तर समोरची व्हायोलिन्सच ऐकू येतात, मागचे हॉर्न आणि तालवाद्यं डोक्यावरून जातात आणि दिसतही नाहीत. तळमजल्याच्या मधल्या रांगा किंवा सज्जाची पुढची रांग घ्या. सज्जा स्वस्त असतो आणि आवाज तिथे छान एकजीव होऊन पोचतो. पियानो असेल तर वादकाचे हात डाव्या बाजूने दिसतात.

वेळ म्हणजे वेळ. सातचा कार्यक्रम सातला सुरू होतो आणि दारं बंद होतात. उशिरा आलेल्याला रचना संपेपर्यंत, कधी कधी अर्धा तास, बाहेर उभं राहावं लागतं. सिम्फनीचे बहुधा चार भाग असतात, मध्ये शांतता पसरते, तेव्हा टाळी वाजवायची नाही. वाद्यवृंदाच्या संचालकाने (कंडक्टरने) हात खाली घेऊन प्रेक्षकांकडे तोंड केलं की वाजवा. समेवर 'वाहवा' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे जड जातं, बाबांना आधीच सांगून ठेवा. खोकल्याच्या गोळीचा कागदही आत जाण्यापूर्वी काढलेला बरा.

परतीचं: कोल्हापूरची महालक्ष्मी एक्सप्रेस सीएसएमटीहून साडेआठच्या आधीच सुटते, ती मिळणार नाही. मुंबईत मुक्काम धरूनच चला. मेट्रो 3 पूर्ण सुरू झाल्यापासून विधान भवन स्थानक सोयीचं आहे, तिथून थोडं चालणं किंवा टॅक्सी.

---

शेवटची_लोकल

भाचीचा भाग माझ्याकडे.

लोलापलूझा इंडिया हा मोठा मैदानी संगीत महोत्सव मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर होतो. 2023 आणि 2024 ला तो जानेवारीच्या शेवटी होता, 2025 ला मार्चमध्ये गेला. म्हणून इथेही 'दरवर्षी जानेवारीत असतो' या गृहीतकावर सुट्टी टाकू नका. रॉकची मुळं ऐकायची असतील तर फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल, 2011 पासूनचा. आकाराने लहान, गर्दी समजूतदार, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही आवडेल. दोन्हीकडे एकाहून जास्त रंगमंच असतात. वेळापत्रक आलं की कोण कोणावर आदळतंय ते बघा आणि दिवसाला तीन नावं पक्की करा. सगळं ऐकू म्हटलं की नुसतं मैदान तुडवणं होतं.

तिकिटांचे सापळे:

पहिल्या टप्प्यात, म्हणजे कलाकार जाहीर व्हायच्या आधी, तिकीट सर्वांत स्वस्त असतं. नाव कोण येईल याची खात्री नसताना पैसे गुंतवायचे, एवढाच सौदा. परतावा सहसा नसतो. दर दिसतो त्याहून बिल जास्त येतं: 500 रुपयांवरच्या तिकिटाला 18 टक्के जीएसटी, शिवाय सुविधा शुल्क. चौघांचा हिशेब करताना हे धरा.

समाजमाध्यमावर 'एक जादा आहे, निम्म्या किमतीत' म्हणणाऱ्याकडून क्यूआर कोडचं चित्र विकत घेऊ नका. तेच चित्र पाच जणांना विकता येतं आणि दारावर पहिलं स्कॅन झालेलं तेवढं चालतं. घ्यायचंच असेल तर विक्रेत्याच्या अॅपमधूनच तुमच्या खात्यात हस्तांतर होत असेल तरच.

मोठ्या मैदानी महोत्सवांत तिकिटाच्या बदल्यात मनगटपट्टी मिळते आणि खाणंपिणं तिच्यातल्या शिलकीतूनच. थोडे थोडे पैसे भरा. उरलेले परत मिळायला नंतर ठरावीक मुदतीत अर्ज करावा लागतो आणि तो बहुतेक जण विसरतात. पट्टी घट्ट नको, पण सैल झाली तर कापून परत लावता येत नाही. मूळ ओळखपत्र, बंद बूट, छोटी पिशवी. पाण्याची बाटली आणि पॉवर बँक आत सोडतील का ते त्या कार्यक्रमाच्या नियमांत वाचा.

कान सांभाळा, हे गमतीत घेऊ नका. 85 डेसिबलला आठ तास चालतात, पण दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. 100 ला पंधरा मिनिटंच उरतात आणि रंगमंचापुढे तेवढा आवाज सहज असतो. कापूस काही अडवत नाही. संगीतासाठीचे सिलिकॉन प्लग मिळतात, ते 15 ते 20 डेसिबल कमी करतात आणि सूर गढूळ करत नाहीत. स्पीकरच्या भिंतीसमोर उभं न राहता ध्वनिनियंत्रणाच्या तंबूजवळ उभं राहा. आवाज त्या जागेवरूनच जुळवलेला असतो, म्हणून ऐकायलाही तीच जागा उत्तम.

---

पेटीभाता

मंद्रसप्तक यांच्या शनिवारच्या सल्ल्याशी असहमत, निदान सत्तरीच्या मंडळींसाठी. शनिवारी सर्वांत जास्त गर्दी, सुटायला मध्यरात्र, तेव्हा मेट्रो बंद आणि रिक्षावाले म्हणतील तो दर. गुरुवार-शुक्रवार घ्या. सुरुवातीला ज्या तरुण कलाकारांना पाऊण-एक तास मिळतो ते जीव तोडून गातात आणि मांडव अर्धा रिकामा असतो. दरबारी ऐकायचाच असेल तर बंद सभागृहातली मैफल शोधा. दहाचा नियम बंदिस्त प्रेक्षागृहाला लागू नाही.

रविवारचा शेवट मात्र चुकवू नका असं मी म्हणेन. समारोपाला सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लावतात आणि लोक उठत नाहीत.

नाट्यसंगीतासाठी कोणी काही बोललं नाही. त्याचे कार्यक्रम महोत्सवासारखे आधी जाहीर होत नाहीत. बालगंधर्व रंगमंदिर, टिळक स्मारक, भरत नाट्य मंदिर यांच्या जाहिराती आठ-दहा दिवस आधी वर्तमानपत्रात येतात. पुण्यात पोचल्यावर पहिल्या सकाळी पेपर घ्या, तेवढं पुरतं. तिकीट खिडकीवर जाऊन काढलं तर आसनाचा नकाशा समोर दिसतो. कडेची खुर्ची मागा, बाबांना पाय लांब करता येईल. जानेवारीत पुण्यात वसंतोत्सव असतो, तिथे अभिजात आणि इतर संगीत एकाच मंचावर येतं, भाचीलाही ओढता येईल.

---

मंद्रसप्तक

पेटीभाता, गर्दीचं मान्य. बाबांसाठी शुक्रवार-रविवार आणि स्वतःसाठी शनिवार, असा तोडगा काढता येईल. दैनिक तिकिटं असतातच.

---

कोल्हापुरी_साज

सगळ्यांचे आभार, बेत जवळजवळ ठरला. एक राहिलं: आईला श्रवणयंत्र आहे. घरी तानपुरा लावला की तिला तो थरथरल्यासारखा ऐकू येतो म्हणते. मांडवात काय करावं?

---

तिसरी_घंटा

यंत्र बिघडलेलं नसावं. श्रवणयंत्र बोलण्यासाठी जुळवलेलं असतं. लांबलेला, एकसुरी आवाज आला की त्याला ती यंत्राचीच शिट्टी वाटते आणि ती दाबायला ते स्वर हलवतं. तानपुरा, बासरी, बाजाची पेटी यांच्या बाबतीत हेच होतं. शिवाय मोठा आवाज ते आवळतं, त्यामुळे तान आणि आलाप सारख्याच जोराचे वाटतात. श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन 'संगीत' असा वेगळा प्रोग्रॅम घालून घ्या. त्यात शिट्टीरोधक आणि गोंगाट कमी करणारी सोय बंद किंवा मंद करतात. महोत्सवाच्या आदल्या दिवशी नको, दोन-तीन आठवडे आधी, म्हणजे घरी तानपुरा लावून एकदा फेरजुळणी करता येईल. खुर्ची स्पीकरच्या रांगेत नको, मांडवाच्या मधोमध घ्या. आणि बॅटरीचं जादा पान शालीच्या पिशवीत.