मुलगा म्हणतो "येतं मला", पेपरात मात्र 3 पैकी 1. काय करू?

दहावीचीआई:
मुलगा दहावीत आहे. अभ्यास करत नाही असं नाही हां, तासन्‌तास बसतो, हायलायटरने अर्धं पुस्तक पिवळं करून ठेवलंय. धड्यातलं काही विचारलं की "येतं गं मला" म्हणतो आणि तोंडी बरंच सांगतोही, पण सराव पेपरात 3 मार्कांच्या प्रश्नाला 1, फार तर दीड. रिव्हिजन कशी करून घ्यायची? क्लास लावा एवढं सोडून सांगा प्लीज, क्लास आहेच.

खडूडस्टर:
पिवळं पुस्तक बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो :) परत परत वाचलं की ओळखीचं वाटायला लागतं आणि ओळखीचं म्हणजे पाठ असं आपण धरून चालतो, मोठी माणसंसुद्धा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग आहे, कॉलेजच्या मुलांवरचा. एका गटाने उतारा नुसताच वाचला, चार फेऱ्या. दुसऱ्याने एक फेरी वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. 5 मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना 61.

तेव्हा धडा वाचून झाला की पुस्तक बंद, कोरा कागद, 10 मिनिटं आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरायचं. तो दुसरा रंग हाच उद्याचा अभ्यास. तोच धडा परत दुसऱ्या दिवशी, मग 3-4 दिवसांनी, मग आठवड्याने.

मार्क का जातात तेही सांगतो. "उंच डोंगरावर पदार्थ शिजायला जास्त वेळ का लागतो?" 3 मार्क. बहुतेक मुलं लिहितात "कारण तिथे हवेचा दाब कमी असतो" आणि पुढच्या प्रश्नावर जातात. झाला 1 मार्क. दाब कमी, म्हणून पाणी 100 अंशांच्या आधीच उकळतं, म्हणून पदार्थाला उष्णता कमी तापमानावर मिळते आणि वेळ लागतो, अशी साखळी पूर्ण लिहायला हवी. तुमचा मुलगा तोंडी सांगताना मधल्या कड्या तुम्ही मनात भरून घेताय, पेपर तपासणारा नाही भरत.

मागचाबेंच:
वरचं सगळं पटलं पण गणिताला कोरा कागद नाही चालत. तिथे एकाच प्रकारची 20 गणितं सलग सोडवण्यापेक्षा वेगवेगळ्या धड्यांतली मिसळून द्या, कारण पेपरात कुणी सांगत नाही हे कुठल्या धड्यातलं. आणि घड्याळ!! आमच्या वेळी 100 मार्कांचा पेपर 3 तासांत असायचा, म्हणजे एका मार्काला जेमतेम पावणेदोन मिनिटं. मी 2 मार्कांच्या एका प्रश्नावर छान येत होतं म्हणून दीड पान लिहिलेलं आणि शेवटचा 5 मार्कांचा तसाच सुटला, अजून आठवतं. प्रश्नातल्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावा, "फरक स्पष्ट करा" असेल तर दोघांची वेगवेगळी माहिती लिहून फरक होत नाही, एकाच मुद्द्यावर समोरासमोर लिहावं लागतं.

दहावीचीआई:
काल एका धड्यावर केलं. जेमतेम सहा ओळी आल्या, मग मी राहिलेलं दाखवायला लागले तर चिडून उठलाच. "तुला माझ्यातलं फक्त चुकलेलंच दिसतं" म्हणे.

खडूडस्टर:
पहिल्यांदा सहाच येतात, तो धक्का बसायलाच हवा. पण दुसऱ्या रंगाचं पेन कुणाच्या हातात होतं?

दहावीचीआई:
माझ्या. आणि लाल होतं 🙈 आज हिरवं त्यालाच देते, मी बाहेरच्या खोलीत बसते.