घरच्या बिअरसाठी पहिला ऑल-ग्रेन सेटअप: तीन भांडी घेऊ की एकावर भागेल?

पहिलीउकळी

नमस्कार. दोन वर्षांत माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या (मोड आणलेल्या धान्याचा तयार अर्क) नऊ बॅच केल्या, त्यातल्या शेवटच्या तीन मला मनापासून आवडल्या. आता थेट धान्यापासून बिअर करायची आहे. एक्स्ट्रॅक्टमध्ये रंग आणि गोडवा आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेला असतो. मला हवी तशी फिकट, कोरडी (कमी गोड) बिअर त्यातून काही केल्या निघत नाही.

कागदावर मांडलंय ते असं: २० लिटरची बॅच. पाणी तापवायला एक भांडं, मॅशसाठी (धान्य गरम पाण्यात भिजवून साखर काढायला) तळाशी जाळी बसवलेला ३८ लिटरचा कूलर बॉक्स, उकळायला ४० लिटरचं स्टीलचं पातेलं. मधे पंप. थंड करायला प्लेट चिलर. धान्य भरडायला दोन रोलरची गिरणी.

सध्या घरात १९ लिटरचं स्टीलचं पातेलं, दोन फर्मेंटर (बिअर आंबवायची भांडी), हायड्रोमीटर, सायफन, बाटल्या आणि झाकणं बसवायचं यंत्र आहे. उकळणं स्वयंपाकघरातल्या शेगडीवरच होणार, बाहेर मोकळी जागा नाही. फर्मेंटर कपडे ठेवायच्या कपाटात खाली ठेवते.

४० लिटरचं पातेलं पुरेल का? पंप पहिल्यापासून लागतो का? आणि या यादीतलं काही गाळायचं झालं तर काय गाळू? सगळं एकदम घेणं जमणार नाही.

कूलरवाला

कूलर घ्याच, पस्तावणार नाही. साडेचार किलो धान्य, किलोमागे ३ लिटर पाणी म्हटलं तर सगळं मिळून साडेसोळा लिटर होतं, ३८ लिटरच्या बॉक्समध्ये आरामात बसतं. आधी कढत पाणी ओतून बॉक्स दहा मिनिटं तापवून घ्या, मग तासाभरात माझा मॅश जेमतेम एखादा अंश उतरतो.

पंप नको. कूलर टेबलावर, पातेलं खाली स्टुलावर. तोटी थोडीशी उघडली की वर्ट (धान्यातून निघालेलं गोड पाणी) आपोआप उतरतो. पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतात, ते जगमध्ये घेऊन हलक्या हाताने परत वर ओतायचे. धान्याचा थरच गाळणीचं काम करतो. तोटी एकदम पूर्ण उघडलीत तर तो थर दाबला जाऊन बसतो आणि मग थेंबही खाली येत नाही.

चोथा_आणि_वाफ

तुमच्या यादीत दोन गोष्टी नाहीत, आणि माझ्या मते त्याच आधी बघायला हव्यात: तुमच्या शेगडीची ताकद, आणि बिअर आंबत असताना तिचं तापमान धरून ठेवायची सोय.

शेगडीचं आज रात्रीच बघून घ्या. आहे त्या पातेल्यात मोजून १५ लिटर पाणी घ्या, तापमान लिहून ठेवा, मोठ्यात मोठ्या बर्नरवर झाकण ठेवून तापवा आणि खळखळून उकळी फुटेपर्यंतची मिनिटं मोजा. ४० लिटरचं पातेलं घ्यायचं की नाही, हे तो आकडा सांगेल. माझं, तुमचं किंवा कूलरवाल्यांचं मत त्यापुढे गौण आहे.

दुसऱ्या गोष्टीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्यात माझं एक वर्ष गेलं. मीसुद्धा तीन भांडी, पंप, गिरणी अशीच सुरुवात केली. मॅश छान व्हायचा, पण बिअर पिताना घशाशी जळजळ व्हायची आणि नेलपॉलिशसारखा वास यायचा. मी धान्य बदललं, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बदलले, पाणी बदललं. एका रात्री दुसऱ्या दिवसाच्या फर्मेंटरला हात लावला तर तो कोमट. बाहेर चिकटवलेल्या तापमानपट्टीवर २७ अंश, आणि खोलीत २३. यीस्ट जोरात असतं तेव्हा स्वतःच उष्णता सोडतं, त्यामुळे आतली बिअर खोलीपेक्षा तीन-चार अंश गरम असते. बहुतेक एल यीस्टना (एल हा बिअरचा एक प्रकार) १८ ते २० अंश मानवतात. पुढची बॅच तीच कृती, तीच भांडी, फक्त जुन्या छोट्या फ्रिजमध्ये १८ अंशांवर ठेवली. वास गेला, जळजळ गेली. तुमचं कपाट बंद असतं, हवा खेळत नाही, म्हणून जास्त काळजी वाटते.

तेव्हा पंप, प्लेट चिलर आणि गिरणी तिन्ही गाळा. त्या पैशात वापरलेला फ्रिज आणि तापमान नियंत्रक घ्या. नियंत्रकाचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. तो फर्मेंटरच्या अंगाला चिकटवून वर फोमचा तुकडा बांधा.

पहिलीउकळी

शेगडीची चाचणी केली. २५ अंशांपासून १५ लिटर पाण्याला उकळी फुटायला एक तास दहा मिनिटं लागली. झाकण काढल्यावर उकळी मंदावली, मधोमध थोडी हलत राहिली. आणि कपाटातल्या फर्मेंटरबद्दल वाचून जरा धसकाच बसला. माझ्या दुसऱ्या बॅचला अगदी तोच वास होता, मी यीस्ट जुनं म्हणून सोडून दिलं होतं.

चोथा_आणि_वाफ

मग हिशेब सरळ आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात. १५ लिटर, ७५ अंश, ७० मिनिटं, म्हणजे तुमच्या शेगडीची पाण्यात उतरणारी ताकद जेमतेम १.१ किलोवॅट. २० लिटरच्या बॅचसाठी उकळायला २७ लिटर वर्ट घ्यावा लागतो. तो ६६ वरून १०० वर न्यायला जवळपास एक तास, आणि नंतर एवढ्या आचेवर नुसता हलत राहील, खळखळणार नाही. फिकट पिल्सनर माल्ट वापरणार असाल तर ते चालणार नाही. त्या माल्टमधून उकडलेल्या मक्यासारखा वास देणारा पदार्थ तयार होतो आणि तो वाफेबरोबर उडून जायला खळखळती उकळी, झाकण उघडं, असंच लागतं.

म्हणून माझं म्हणणं: १० लिटरची बॅच करा, तुमच्या १९ लिटरच्या पातेल्यातच, झोळी पद्धतीने. पातेल्यात बारीक जाळीच्या कापडाची मोठी झोळी, तिच्यात धान्य, सगळं पाणी एकदम. तासाभराने झोळी उचलायची, निथळू द्यायची, आणि त्याच पातेल्याखाली आच वाढवायची. मॅशचं वेगळं भांडं नाही, उरलेली साखर धुवायला वरून पाणी सोडणं नाही, पंप नाही.

आकडे देतो. धान्य २.३ किलो. पाणी १४ लिटर: दहा फर्मेंटरला, एक तळाच्या गाळात जाईल, दीड वाफेत, दीड-पावणेदोन चोथ्यात अडकेल. धान्य पाण्यात गेल्यावर किलोमागे पाऊण लिटरहून थोडी कमी जागा घेतं, म्हणजे पातेलं साडेपंधरा-सोळा लिटरपर्यंत भरेल. वर तीन लिटर मोकळे राहतात. झोळी काढल्यावर आणखी जागा होते, म्हणून उतू जायची भीती कमी. आधण ६९ अंशांवर आलं की आच बंद करून धान्य घाला, ढवळा, मॅश ६६ च्या आसपास बसेल. तुम्हाला कोरडी बिअर हवी आहे, तर पुढच्या खेपेला ६४ धरा. धान्यातल्या साखरेचा सत्तर टक्के उतारा मिळाला तर आंबण्याआधीचं गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता, पाणी १.०००) १.०४४ च्या जवळ येईल.

थर्मामीटर मात्र चांगला घ्या. माझा पहिला तीन अंश कमी दाखवायचा. मी ६६ समजत होतो तेव्हा मॅश ६९ वर होता, आणि आंबून झाल्यावरही बिअर १.०२० वर अडकून गोड राहायची. ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी ग्लासात ढवळून त्यात बुडवला तर ० दाखवायला हवा.

तांब्याचीनळी

मी नऊ-दहा लिटरच्याच बॅच करते, जागा हेच कारण. वरच्या सल्ल्यात थोडी भर.

झोळी पातेल्याच्या तोंडावर पूर्ण उलटेल एवढी मोठी शिवून घ्या आणि शिवण दुहेरी घाला. सव्वादोन किलो धान्य भिजून चार किलोंच्या वर जातं, वर ते कढत असतं. माझी पहिली झोळी उचलताना एका बाजूने उसवली आणि मनगटावर वर्ट सांडला. आता मी पातेल्यावर ओव्हनची जाळी आडवी टाकते, झोळी तिच्यावर ठेवते आणि लांब, जाड रबरी हातमोजे घालूनच पिळते.

मॅश चालू असताना पातेल्याला जाड पांघरूण गुंडाळायचं, पण आधी शेगडी बंद आहे ना ते बघायचं.

थंड करायला या आकाराला टब पुरतो. पातेलं थंड पाण्यात ठेवून वर्ट हलवत राहायचं, पाणी दोनदा बदलायचं, तिसऱ्यांदा बर्फ. प्लेट चिलरच्या आत हॉप्सचा चुरा अडकला तर दिसत नाही आणि निघतही नाही. पुढे वाटलंच तर तांब्याच्या नळीचं वेटोळं घ्या, ते बाहेरून धुता येतं.

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर आदल्या रात्री चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालून ठेवा. नाहीतर बिअरला औषधी मलमासारखा वास लागतो. धान्य विक्रेत्याकडूनच भरडून घ्या, झोळीसाठी जरा बारीक सांगा. झोळीत थर बसून अडायचा प्रश्न नसतो.

कूलरवाला

शेगडीचा आकडा बघून मी माझं म्हणणं मागे घेतो. १.१ किलोवॅटवर कूलरचा काही उपयोग नाही, २७ लिटर वर्ट गोळा करून उकळणार कुठे. जुनं पातेलं कामी येतंय हे उत्तम.

पहिलीउकळी

यादी पुन्हा लिहिली: झोळीचं कापड, हातमोजे, नवा थर्मामीटर, तापमान नियंत्रक, वापरलेला छोटा फ्रिज. फ्रिजची आतली मापं घेऊन जाणार आहे, फर्मेंटरला वरचा एअरलॉक धरून ४६ सेंटिमीटर उंची लागते. २० लिटरचा विचार मोठी शेगडी येईल तेव्हा.

आत्ताच बर्फाच्या पाण्यात माझा थर्मामीटर बुडवून बघितला. पाच मिनिटं ढवळलं तरी अडीचवरच आहे. आधी नवा घेते, मग धान्य मागवते.